जीएनएम शिकताना बाहेर ड्युटी करावी का, आणि पुढे कुठला विभाग घ्यावा?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: लातूरला जीएनएमच्या, म्हणजे तीन वर्षांच्या नर्सिंग डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षाला आहेस, दिवाळीच्या सुट्टीत गावाकडच्या खासगी दवाखान्यात नाइट करून अनुभव मिळवावा का, आणि आयसीयू, ओटी (ऑपरेशन थिएटर) की लेबर रूम हे आत्ताच ठरवावं का.

मी तुला अगं-तुगं करते, राग मानू नको. माझी धाकटी बहीण तुझ्याच वयाची आहे. मी परभणी जिल्ह्यातली. जीएनएम केलं, मग पोस्ट बेसिक बी.एस्सी. ही त्यापुढची नर्सिंगची पदवी केली. कामाला लागून बारा वर्षं झाली, त्यातली आठ नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात, म्हणजे आपण ज्याला एसएनसीयू म्हणतो तिथे.

बाहेरची नाइट करू नको. मी केली आहे, म्हणून सांगते.

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तालुक्याच्या गावी एका पंधरा खाटांच्या दवाखान्यात लागले. महिना तीन हजार. डॉक्टर वरच्या मजल्यावर राहायचे, खाली मी आणि एक मावशी. पहिले चार दिवस हवेत होते. पांढरा ॲप्रन, आणि म्हातारी माणसंसुद्धा "सिस्टर, सलाईन संपायलंय बघा" म्हणत मागं यायची. पाचव्या रात्री एका बाईला सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं. दोन मिनिटांत ती अंग खाजवायला लागली, ओठ सुजले, श्वासाची घरघर सुरू झाली. मला वाटलं घाबरली असेल. मी पाणी आणायला गेले! मावशीनं एकदाच तिच्या तोंडाकडं बघितलं, "हिला औषध लागलंय" म्हणाली आणि जिना चढून डॉक्टरांना उठवून आणलं. अशी रिॲक्शन थांबवणारं ॲड्रिनॅलिन त्यांनी दिलं. ते कुठल्या कप्प्यात ठेवलेलं असतं हेही मला ठाऊक नव्हतं. बाई वाचली.

सकाळी रजिस्टर उघडलं तर माझ्या पाचही रात्रींपुढे सही दुसऱ्याच सिस्टरची होती. तिला मी जन्मात पाहिलं नव्हतं. नोंदणी असलेली सिस्टर कागदाला लागायची, कामाला मी. त्या बाईचं काही बरंवाईट झालं असतं तर त्या सहीवालीचं काय झालं असतं आणि माझं काय, हा विचार करत मी एसटीनं घरी आले ती परत गेलेच नाही. पाच दिवसांचे पैसे मागायचीही हिंमत झाली नाही.

भीती बाजूला ठेव, नुसता हिशेब बघ. परीक्षा पास होऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते, तिथून पुढचा अनुभव धरला जातो. त्याआधी दहा दवाखान्यांत रात्री जागलीस तरी नोकरीच्या अर्जावर त्याचा उपयोग शून्य. नोंदणीनंतरही कुठे काम केलंस याला किंमत आहे. एम्सची नर्सिंग ऑफिसर भरतीची नॉरसेट परीक्षा तुला कधीतरी द्यावीशी वाटेल. तिला बी.एस्सी. झालेल्यांना अनुभवाची अट नाही, पण जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. माझी एक मैत्रीण वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये तीन वर्षं मर मर राबली आणि अर्ज भरायच्या दिवशी तिला हे कळलं. तेव्हा पहिली नोकरी घेताना पगाराआधी खाटा विचार, आणि सोडताना दाखल्यावर खाटांची संख्या, विभाग आणि तारखा लिहून घे. मूळ सर्टिफिकेटं मात्र कुणाच्या कपाटात ठेवू नको, कितीही गोड बोलले तरी.

आता खरा अनुभव. तो तुझ्या पोस्टिंगमध्येच, म्हणजे कॉलेजनं लावलेल्या वॉर्डातल्या ड्युटीतच, पडलेला असतो आणि आपण प्रोसिजर बुक भरत नर्सिंग स्टेशनला बसलेलो असतो. मीही बसायचे. लातूरसारख्या ठिकाणी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मेडिसिनची पोस्टिंग मिळत असेल तर ती सोन्यासारखी आहे, त्यातही मृगापासून दसऱ्यापर्यंतची. साप चावलेली माणसं त्या दिवसांत येतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं तुला पुस्तकात पाठ असतील, वॉर्डात ती वेगवेगळी दिसतात. घोणस चावलेल्याचा पाय सुजून टम्म होतो, हिरड्यांतून रक्त येतं. मण्याराचं मात्र उलट. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो, दाताची खूण शोधून सापडत नाही, सूज नाही, घरचे म्हणतात पित्त झालंय. आणि मग त्याच्या पापण्या जड व्हायला लागतात. डॉक्टरांचा राउंड होऊन गेलेला असतो. ही पापणी पहिल्यांदा दिसते ती खाटेपाशी उभ्या असलेल्या सिस्टरला, आणि तिला ती दिसली नाही तर पुढची गोष्ट श्वासाची असते.

तिथं इंचार्ज सिस्टरच्या मागं मागं राहा. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी तिच्या हातून बघ. दोन मिली रक्त, काचेची कोरडी ट्यूब, आणि वीस मिनिटं तिला कुणी हात लावायचा नाही. ट्यूब प्लॅस्टिकची किंवा साबणानं धुतलेली असेल तर उत्तर चुकतं. रक्त पातळच राहिलं तर समजायचं की विष रक्तात उतरलंय. मग सापाच्या विषावरच्या लसीच्या व्हायल (छोट्या बाटल्या) येतात, पहिल्या खेपेला दहा. पावडर असते, एकेका व्हायलमध्ये दहा मिली पाणी घालून विरघळवायची. बाहेर नातेवाईक "लवकर करा ना बाई" म्हणून ओरडत असतात, आणि आपण घाईनं खळाखळा हलवली की नुसता फेस होतो. तळहातांत धरून हळू फिरवावी लागते. आणि हे सगळं सुरू करायच्या आधी ॲड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये तयार हवं, कारण या लसीचीही रिॲक्शन येते. त्या पंधरा खाटांच्या दवाखान्यात मला जे कुणी शिकवलं नाही ते या एका ट्रेनं शिकवलं.

तसंच फवारणीचं औषध प्यालेल्यांचं. त्यावरचा उतारा ॲट्रोपिन चालू असताना बाहुल्या, छातीतला ओलेपणा, नाडी, काखेतला घाम हे परत परत बघून लिहायचं असतं. कंटाळवाणं काम आहे. पण जरा निवांत वाटलं म्हणून लक्ष काढलं की छाती पुन्हा भरते. दोन-तीन दिवसांनी तो माणूस शुद्धीवर आला की सगळे त्याच्या अंगावर येतात: पोरं, मेव्हणे, कधीकधी आपला स्टाफसुद्धा. "अक्कल हाय का?" म्हणून. तुला याच वर्षी मेंटल हेल्थ विषय आहे. तेव्हा तू स्टूल घेऊन त्याच्याशेजारी बस. उपदेश करू नको. पाऊस झाला का, बैल किती, मुलगी कितवीला, असं काहीही विचार. तो जिवाबद्दल परत वेडंवाकडं बोलला तर मात्र ते पोटात ठेवू नको, लगेच इंचार्ज सिस्टरला आणि डॉक्टरांना सांग.

आता विभागाचं. लेबर रूम तू अजून बघितलीच नाहीस. मिडवायफरी, म्हणजे बाळंतपणाचा विषय, तिसऱ्या वर्षाला आहे. मग न पाहिलेल्या मुलाला होकार कशाला द्यायचा? मला तुझ्या वयात ओटीत जायचं होतं. कारण सांगायला लाज वाटते: हिरवे कपडे आवडायचे आणि तिथं नातेवाईक नसतात. पास झाल्यावर एक वर्ष मोठ्या रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात काढलं, आणि मग कंत्राटी भरतीत नाव लागलं ते एसएनसीयूला. पहिल्या आठवड्यात मी रोज रडले. अकराशे ग्रॅमचं बाळ, त्याच्या हाताला आपलं बोट जाड वाटतं. जेंटामायसिन या अँटिबायोटिकच्या दोन मिलीच्या ॲम्प्युलमध्ये ८० मिलिग्रॅम असतं, त्या बाळाला हवं असतं साडेपाच. दशांश चिन्ह एक घर सरकलं तर दहापट औषध. दर दोन तासांनी नळीनं दूध, दर वेळी हात धुणं, रोज वजन, आणि वजन वीस ग्रॅमनं वाढलं तर त्या दिवशी सगळ्या स्टाफला चहा.

तिसऱ्या महिन्यात ध्यानात आलं की या त्याच त्या कामाचा मला कंटाळा येत नाही. कॅज्युअल्टीची (तातडीच्या पेशंटच्या विभागाची) धावपळ मला दमवायची, ही मोजदाद नाही दमवत. माझ्याबरोबर लागलेली मुलगी नेमकी उलटी. ती सहा महिन्यांत म्हणाली, "इथं काही घडतच नाही गं," आणि बदली मागून कॅज्युअल्टीला गेली. आजही तिथंच आहे, मजेत. तेव्हा कुठला विभाग भारी वाटतो हे विचारू नको स्वतःला. त्या विभागातला रोजचा तोचतोपणा तुला सोसतो का, एवढं बघ. आणि ते पोस्टिंगच्या पंधरा दिवसांत नाही कळत, नाइटा केल्यावर कळतं.

एक बाप आठवतो. बीडकडचा ऊसतोड करणारा, कारखान्यावरून आलेला. बायको दुसऱ्या वॉर्डात रक्त चढवून पडलेली. ऊसतोडीला गेलेल्या बायकांची बऱ्याचदा दिवस भरेपर्यंत एकही तपासणी झालेली नसते, हे तुला तिसऱ्या वर्षी लेबर रूममध्ये दिसेलच. टोळी दिवाळीच्या सुमाराला निघते आणि उन्हाळ्यात परतते, मधले महिने फडावर. तर बाळाला कांगारू पद्धतीनं छातीशी धरायचं होतं आणि धरायला तोच होता. "बाईमाणसांत सदरा कसा काढू?" म्हणाला. आम्ही पडदा ओढला. तीन तास तो दगडासारखा बसला, खोकलासुद्धा नाही. मग हळूच म्हणाला, "सिस्टर, हलायलंय बघा." ओटीत गेले असते तर हे मला मिळालं नसतं. ओटीवाल्यांना त्यांचं काही मिळत असेल.

पुढच्या शिक्षणाचं एवढंच ध्यानात ठेव. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक, त्यानंतर दोन वर्षांचं एम.एस्सी., आणि खरी शाखा तिथं निवडावी लागते: मेडिकल सर्जिकल, बालरोग, स्त्रीरोग-प्रसूती, मानसिक आरोग्य, कम्युनिटी. एम.एस्सी.ला एक वर्षाचा अनुभव लागतो, आणि आपल्यासाठी तो पोस्ट बेसिकच्या आधीचाही चालतो. म्हणजे पास झाल्यावर वर्षभर काम करून मग पोस्ट बेसिकला गेलीस तर वर्ष वाया जात नाही. एवढं लांब जायचं नसेल तर क्रिटिकल केअर, ऑपरेशन रूम, कॅन्सर, नवजात असे एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमे असतात. आयसीयूचं वेड खरंच टिकलं तर बी.एस्सी. झाल्यावर क्रिटिकल केअरमध्ये नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा कोर्सही आहे.

घरचे "लगेच परमनंट बघ" म्हणतील. माझेही म्हणाले. आईला मी एवढंच सांगितलं की एक वर्ष मला मोठ्या दवाखान्यात शिव्या खाऊ दे, मग तू म्हणशील तो फॉर्म भरते. लातूर, अंबाजोगाईचं स्वाराती, नांदेडचं विष्णुपुरी, संभाजीनगरची घाटी, यातल्या कुठल्याही सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात पेशंट कमी पडत नाहीत आणि कडक सिस्टरही कमी पडत नाहीत. जिला सगळ्या विद्यार्थिनी टाळतात तिच्याच ड्युटीला ड्युटी लावून घे. माझी तशी एक होती. हँडओव्हरला पेशंटची लघवी किती झाली हे सांगता आलं नाही तर घरी जाऊ द्यायची नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मात्र घरी जा, फराळ कर आणि झोप काढ. लेबर रूमच्या नाइटला बसायलाही मिळत नाही.