आमच्या कॉकर स्पॅनियल कुत्र्याला काचबिंदू झालाय, एक डोळा गेला, दुसराही जाईल म्हणतात. आंधळा कुत्रा सांभाळणं जमतं का?

तुम्ही लिहिलंय की डावा डोळा गेलाय, उजव्याचाही दाब वाढायला लागलाय, ड्रॉप कायमचे लागतील असं डॉक्टर म्हणाले आणि तुमचे काका म्हणतायत की पूर्ण आंधळा व्हायच्या आधी इंजेक्शन देऊन मोकळं करा त्याला. आधी काकांचंच सांगतो, नका करू असं. आम्ही अमळनेरचे, आमचा बंड्या पण कॉकरच, दोन्ही डोळ्यांनी आंधळा आहे आणि छान जगतोय.

पण दिसेल की नाही हा प्रश्न नंतरचा, आधी हे बघा की त्याला दुखतंय का. काचबिंदूत डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट तुंबते आणि आतला दाब वाढत जातो, नॉर्मल साधारण 10 ते 25 मिमी पारा (mmHg) असतो, बंड्याचा पहिल्यांदा मोजला तेव्हा 50 च्या वर होता. एवढ्या दाबाने डोकं नुसतं ठणकत असणार पण कुत्रं ओरडून सांगत नाही ना, ते फक्त जास्त झोपतं, खात नाही, कोपऱ्यात जाऊन बसतं, डोक्याला हात लावू देत नाही, आणि आपण म्हणतो वय झालं आता. म्हणून डाव्या डोळ्याचा दाब आता किती आहे ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. नजर गेली म्हणजे दुखणं गेलं असं अजिबात नाही. दाब औषधाने उतरत नसेल तर तो डोळा काढून टाकणंच बरं असं माझं ठाम मत आहे, ऐकायला भयंकर वाटतं मला माहितीये, आमच्या आईच्या घशाखाली घास उतरेना. पण टाके बरे झाले आणि बंड्या परत चप्पल पळवायला लागला, कितीतरी महिने विसरला होता ते.

उजव्या डोळ्यासाठी ड्रॉपची वेळ चुकवू नका. आम्हाला डॉर्झोलामाइड आणि टिमोलॉल दिलं होतं, तुमच्या डॉक्टरांनी जे दिलं असेल तेच घाला, दोन ड्रॉपच्या मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या आणि झाल्यावर लगेच भाकरीचा तुकडा द्या म्हणजे पुढच्या वेळी स्वतः येऊन बसतो. लग्नसराईत घरचं एक माणूस मागे राहिलंच पाहिजे, हे आत्ताच ठरवून टाका. गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस घ्या, गळ्याला हिसका बसला की डोळ्याचा दाब वाढतो. आणि मेडिकलमधून माणसांचे लाल डोळ्याचे ड्रॉप आणून घालू नका, त्यात स्टिरॉइड असलं आणि बुबुळावर जखम असली तर डोळा अजून बिघडतो. डोळा अचानक लालभडक झाला, निळसर धुरकट दिसायला लागला, बाहुली मोठी होऊन तशीच राहिली तर सकाळची वाट न बघता निघा, कारण नजर काही तासांतही जाऊ शकते. जवळपास दाब मोजायचं टोनोमीटर नसेल तर अकोल्याला पशुवैद्यकीयची पदव्युत्तर संस्था आहे, मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, फक्त जायच्या आधी फोन करून मशीन आहे का आणि डोळ्यांचे डॉक्टर कधी असतात ते विचारून घ्या.

आता आंधळेपणाचं. नाक आणि कान शाबूत असतात त्यांचे, घराचा नकाशा डोक्यात असतो, फक्त आपण तो बदलायचा नाही. बाज, कूलर, पाण्याचं भांडं जिथल्या तिथे ठेवा. ओट्याच्या कडेला आम्ही बारदान अंथरलंय, पायाला लागलं की त्याला कळतं पुढे पायरी आहे. हात लावायच्या आधी आवाज द्या, घरातल्या पोरांना तर हे दहादा सांगा, दचकून चावला तर दोष त्याचा नसतो. सुरुवातीचे काही आठवडे भिंतीला धडकेल, गप्प बसेल, तेव्हा उचलून घेऊन फिरू नका, त्याला चालू द्या आणि तुम्ही बोलत राहा. आई म्हणते त्याले समदं समजस, आणि खरंच, तिच्या बांगड्या वाजल्या की हा बरोबर तिच्या मागे स्वयंपाकघरात.

दोन गोष्टींना मात्र मी अजूनही घाबरतो. एक म्हणजे आपल्याकडचा मे महिना, 44-45 डिग्रीत आंधळ्या कुत्र्याला सावली पटकन सापडत नाही आणि पाय भाजतात, म्हणून फिरवणं पहाटेच. दुसरी शेतातली विहीर. बिनकठड्याची विहीर असेल तर हार्नेसची दोरी एक सेकंदसुद्धा सोडायची नाही, आपला कुत्रा कितीही शहाणा असू द्या.

ड्रॉप चालू ठेवा, उद्या दोन्ही डोळ्यांचा दाब मोजून आणा आणि आकडे इथे खाली टाका, आमच्या बंड्याच्या फाईलमध्ये सगळी रीडिंग लिहिलेली आहेत, त्याला कोणत्या दाबाला काय दिलं होतं ते सांगतो, म्हणजे डॉक्टरांशी बोलायला तुम्हाला सोपं जाईल.