फुटलेला मोदक आणि दहापैकी तीन गुण

‘मला ना, स्वयंपाक नीट येतच नाही.’ माझ्यासमोर बसून हे सांगणाऱ्या बहुतेक बायका त्या दिवशी सकाळी घरातल्या सगळ्यांचे डबे भरून आलेल्या असतात. कोणी वीस वर्षं स्वयंपाक करतेय, कोणी तीस. मी समुपदेशक; त्या माझ्याकडे येतात वेगळ्याच कारणासाठी. झोप लागत नाही, चिडचिड होते, पाहुणे येणार म्हटलं की छातीत धडधडतं. बोलता बोलता गाडी स्वयंपाकघरापाशी येते आणि डोळे भरून येतात. गणपती-दिवाळीच्या दिवसांत तर हे फारच ऐकू येतं. म्हणून एका बाईंची गोष्ट इथे लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि कित्येक भेटींतलं बोलणं इथे थोडक्यात आलं आहे.

बाई ठाण्याच्या, पन्नाशीला टेकलेल्या. माहेर जळगावकडचं, सासर रत्नागिरीचं. त्यांच्या सोसायटीत बायकांची भिशी होती. एका महिन्यात असं ठरलं की प्रत्येकीने आपला हातखंडा पदार्थ करून आणायचा आणि स्वयंपाकात स्वतःला दहापैकी किती गुण द्याल तेही सांगायचं. सगळं हसतखेळत चाललं होतं. कोणी सुरळीच्या वड्या आणणार होती, कोणी बिरडं. कोणी स्वतःला आठ दिले, कोणी सात. या बाईंनी ताप आल्याचं सांगितलं आणि गेल्याच नाहीत. पुढच्या महिन्यातही नाही. मग भिशीच सोडली.

‘तुम्ही किती दिले असते?’ मी विचारलं.

‘तीन.’

‘कशावरून तीन?’

‘मोदक फुटतात माझे. दर गणपतीला फुटतात. आमटीला सासूबाईंची चव येत नाही. आणि लोक नाव काढतील असा माझा एकही पदार्थ नाही, मॅडम.’

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. परीक्षक मात्र अजून त्याच होत्या.

अशा वेळी घरचे लोक काय करतात? ‘काहीतरीच काय, छान करतेस तू’ म्हणतात. तिनाचे आठ करू पाहतात. त्याने काही साधत नाही, कारण ऐकणारीला वाटतं, हे आपलं मन राखायला बोलताहेत. समजा तिने आठ मान्य केलेच, तरी पुढच्या फुटलेल्या मोदकाबरोबर ते पुन्हा तिनावर येणार. म्हणून मी त्या आकड्याशी वाद घातला नाही. आकडा बरोबर की चूक, हा प्रश्नच मला महत्त्वाचा वाटत नाही. तो कोणाला दिला जातोय, हे मला पाहायचं असतं.

माझी विचारांची बैठक अल्बर्ट एलिस यांची आहे. या अमेरिकन मानसतज्ज्ञाने १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. माणसाच्या कृतीला गुण द्या, अख्ख्या माणसाला देऊ नका, हे सांगणं त्यांनी आयुष्यभर लावून धरलं. माणूस म्हणजे हजारो कृती, त्याही रोज बदलणाऱ्या. त्यांची एकच बेरीज निघणार कशी? इतकी वर्षं या खुर्चीत बसल्यावर माझी खात्री पटली आहे की या एका सूत्राने जितकी माणसं मोकळी होतात, तितकी कौतुकाने होत नाहीत. पण सूत्र सांगून कोणी मोकळं होत नाही. ते त्या माणसाच्याच कामातून त्याच्या हाती लागावं लागतं.

तिसऱ्या की चौथ्या भेटीत त्या पुन्हा मोदकांवर आल्या. मी म्हटलं, ‘ताई, मला मोदकातलं फार कळत नाही असं धरा. मोदक फुटतो म्हणजे नक्की काय होतं?’

त्या आधी जरा थबकल्या. मग बोलू लागल्या.

‘उकड कोरडी झाली की चिरा पडतात. वाटीभर पिठाला वाटीभर पाणी घेतात खरं, पण पीठ जुनं असलं तर ते जास्त पाणी मागतं. पाण्याला उकळी आली की मीठ, चमचाभर तूप घालून पीठ वैरायचं आणि झाकण ठेवून दणदणीत वाफ आणायची. मग गरम असतानाच तेलपाण्याचा हात लावून मळायची. गार झाली की ती ऐकत नाही. तांदूळही आंबेमोहोरासारखा चिकट हवा. आणि सारण सैल राहिलं, गुळाला पाणी सुटलं, की खालून फुटतं.’

‘मग तुमचे कशामुळे फुटतात?’

‘मी मळायला घाबरते. हात भाजतो, त्यात मागे सगळे बघत असतात. घाईत उरकते. तोवर ती गार होते.’

‘म्हणजे उकड गार झाल्यामुळे मोदक फुटतो.’

‘हो.’

‘यात तुम्ही वाईट आहात, हे कुठे आलं?’

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मीही काही बोलले नाही. अशी शांतता मोडायची घाई नवशिक्या समुपदेशकाला होते. मी ती होऊ देत नाही. मग त्या स्वतःशीच म्हणाल्या, ‘उकड गार झाली... एवढंच?’ आणि हसल्या. माझ्याकडे यायला लागल्यापासून पहिल्यांदाच.

इथे काय झालं, ते जरा उलगडून सांगायला हवं. फुटलेल्या मोदकाला कारण असतं. कारण सापडलं की उपायही सापडतो. पण ‘मी फुकट आहे’ याला कारणही नसतं आणि उपायही नसतो. तिथे फक्त शरम असते, आणि शरम वाटणारा माणूस दार लावून घेतो. या बाईंनी सव्वीस-सत्तावीस वर्षांत जाऊबाईंना एकदाही ‘मला शिकवा’ म्हटलं नव्हतं. विचारलं म्हणजे शून्य गुण कबूल केल्यासारखं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. उकड हाताने शिकायची गोष्ट. पाहून आणि हात लावून येते. जी बाई विचारूच शकत नाही, तिला ती कशी येणार? म्हणजे त्या तीन गुणांनीच त्यांना तिनावर अडकवून ठेवलं होतं.

पुढच्या भेटीत मी विचारलं, ‘थंडी सुरू झाली की जळगावच्या आठवणीने काय करता?’

‘भरीत. पण ते काय, भरीतच तर.’

‘सांगा तरी.’

आणि मग माझ्यासमोर एक वेगळीच बाई बसली होती. जळगावकडची भरताची वांगी हिरवी, मोठी, कमी बियांची असतात. (२०१६ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.) शेतात ती कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात. ठाण्यात गॅसवर तो धुराचा वास येत नाही, म्हणून या बाई आच मंद ठेवून, वांगं फिरवत फिरवत जास्त वेळ भाजतात. देठाजवळ दाबून बघतात. तिथे मऊ लागलं की झालं. हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचायचा, मिक्सरला लावायचा नाही. शेंगदाणे, कांद्याची पात, वरून कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी. सासऱ्यांना कवळी होती, तेव्हा त्यांच्यापुरतं भरीत त्या दाण्यांशिवाय, जास्त घोटून, कमी तिखट काढायच्या. एकाच वांग्याची दोन भरतं, रोजच्या धावपळीत.

‘हे तुम्ही त्या तीन गुणांत धरलं होतं का?’

‘हे कोणालाही येतं, मॅडम.’

हे वाक्यही मी शेकडो वेळा ऐकलंय. १९९९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांनी विद्यार्थ्यांच्या तर्काच्या, व्याकरणाच्या वगैरे चाचण्या घेतल्या आणि आपण इतरांच्या तुलनेत कुठे असू, याचा अंदाज त्यांनाच करायला लावला. सर्वांत कच्चे विद्यार्थी स्वतःला फार वर समजले, हा भाग सगळ्यांना माहीत असतो. पण सर्वांत वरच्या गटातल्यांनी आपली जागा खऱ्यापेक्षा खाली धरली होती. मला जमतं तसं इतरांनाही जमत असणार, असं त्यांना वाटत होतं. तो अभ्यास स्वयंपाकाचा नव्हता. पण ‘भरीतच तर’ म्हणणारी बाई पाहिली की मला तो हटकून आठवतो. वर्षातून दोनदा मटण करून स्वतःला नऊ गुण देणारे गृहस्थही मला भेटतात. त्यांना कोणी वाईट म्हणत नाही, कारण त्यांची किंमत त्या मटणावर ठरत नाही.

बायकांची मात्र ठरते, म्हणून हा प्रश्न फक्त मनाचा नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्यांत बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७ मिनिटं. ज्या कामात रोजचे पाच तास जातात, त्यातल्या फक्त सणाच्या ताटावरून स्वतःला जोखणं हा मोठा अन्याय आहे, आणि तो बायका स्वतःवरच करतात.

मी त्यांना एक वही घालायला सांगितली. रोज एकाच पदार्थाची नोंद: आज काय केलं, त्याला किती गुण, आणि ते का. ‘का’ या रकान्यात स्वतःबद्दल एक शब्दही लिहायचा नाही. ‘मी वेंधळी’ चालणार नाही. ‘डाळ कमी शिजली, फोन आला होता’ चालेल. पहिल्या आठवड्यात त्यांनी निम्म्या ओळी खोडून पुन्हा लिहिल्या होत्या. महिन्याभरात वही साफ दिसू लागली, आणि तिच्यात सात-आठही दिसू लागले. वर भाकरीला एक दहा होता, ‘का’मध्ये लिहिलं होतं: ‘टम्म फुगली.’

वाचणाऱ्यांपैकी कोणाला करून पाहायचं असेल तर जरूर करा. फक्त रोजचं जेवण लिहा, सणाचं नको. आणि हातखंडा पदार्थ शोधताना ‘लोक कशाचं नाव काढतात’ असं विचारू नका; ‘कशात बिघडलं तर का बिघडलं ते मला लगेच कळतं’, हे विचारा. ज्या पदार्थातली चूक तुम्हाला न चाखता वासावरून कळते, त्यात तुमचा हात बसलेला आहे, मग तो साधी खिचडी का असेना.

बाई भिशीला परत गेल्या. भरीत घेऊन गेल्या. ते तिखट झालं, दोघींना ताक प्यावं लागलं. मला सांगताना म्हणाल्या, ‘मिरच्या नेहमीच्या नव्हत्या, आधी चाखायला हव्या होत्या. सहा दिले.’ कोणाला सहा, हे मला विचारावं लागलं नाही.

त्या वर्षी गणपतीत त्यांनी जाऊबाईंकडे आपणहून विषय काढला: उकड मळताना हात धरून दाखवा. तेव्हा त्यांना कळलं की मोदक जाऊबाईंचेही फुटतात. फुटलेले त्या आधीच बाजूला काढतात आणि नैवेद्य झाल्यावर स्वयंपाकघरात उभ्याउभ्या खाऊन टाकतात. इतकी वर्षं या बाई स्वतःच्या चाळणीतल्या सगळ्या मोदकांची तुलना जाऊबाईंच्या ताटातल्या निवडक एकवीस मोदकांशी करत होत्या. माझ्या दृष्टीने हा सगळ्यात मोठा शोध होता आणि तो त्यांनी माझ्या खोलीबाहेर, माझ्याशिवाय लावला.

घरच्यांना एक विनंती. ‘छान झालंय’ एवढ्यावर थांबू नका. काय आवडलं ते सांगा: फोडणी खमंग आहे, भात मोकळा झालाय. काही बिघडलं असेल तर तेही पदार्थाबद्दल सांगा: आज मीठ जास्त पडलंय. ‘तुला कधी जमणार’ हे मात्र ताटावर बसून कोणीच कोणाला म्हणू नये. आणि स्वयंपाकाच्या विचाराने झोप उडत असेल, पाहुणे टाळले जात असतील, स्वतः जेवावंसं वाटत नसेल, तर सण उलटून जाण्याची वाट न पाहता कोणाशी तरी बोला. फोन करून वेळ घेताना ‘कारण फार किरकोळ आहे हो’ अशी प्रस्तावना करू नका; माझ्याकडे ती रोजच येते.