६२० फुटांच्या घराला ४० लिटर रंग? आधी भिंती मोजा

तुमचा टू बीएचके कार्पेट ६२० चौरस फूट, भिंतींवर पाच वर्षांपूर्वीचं इमल्शन (पाण्यात मिसळायचा भिंतीचा रंग), दिवाळीआधी काम उरकायचंय. रंगाऱ्याने ४० लिटर रंग, २० लिटर प्रायमर आणि पुट्टीच्या ४० किलोच्या ४ गोण्या लिहून दिल्यात, आणि तो फसवतोय का असं तुम्ही विचारताय. साताऱ्यात बावीस वर्षं रंगाच्या दुकानात बसून मी अशा याद्या रोज पाहिल्या. माणसावर शंका घेण्याआधी त्याची यादी नीट वाचा. त्याच्या मनात कोणतं काम आहे ते यादीतच दिसतं.

रंग जमिनीला लागत नाही, भिंतींना आणि छताला लागतो. कार्पेटच्या साधारण तीन ते साडेतीन पट एवढं रंगकामाचं क्षेत्र निघतं, म्हणजे तुमच्याकडे अंदाजे २००० चौरस फूट, ठेकेदाराच्या भाषेत २० ब्रास. आतल्या इमल्शनला दोन हातांसाठी, म्हणजे दोन थरांसाठी, लिटरमागे १२० चौरस फूट धरा. डब्यावर याहून जास्त लिहिलेलं असतं, पण ते गुळगुळीत, तयार भिंतीसाठी. शिवाय तो आकडा एका हाताचा आहे की दोन हातांचा हेही बघून घ्या, निम्मे घोटाळे तिथेच होतात. २००० भागिले १२० म्हणजे १७ लिटरच्या आसपास. २० लिटरमध्ये घर निघायला हवं.

मग ४० कुठून आले? २००० भागिले ४० म्हणजे लिटरमागे ५० फूट, आणि हा हिशोब बाहेरच्या खरबरीत भिंतीला लागू पडतो, आतल्या नाही. किंवा जुना गडद रंग झाकायला त्याने जास्तीचे हात धरले असतील. हे त्यालाच विचारा. पुट्टीचं मात्र स्पष्ट आहे. दोन हातांना किलोमागे १२ ते १५ फूट धरले तर १६० किलोत तुमचं अख्खं घर भरतं, आणि तेवढ्या सगळ्या पुट्टीवर मारायला २० लिटर प्रायमरही बरोबर बसतो. म्हणजे तो नव्या घरासारखं पूर्ण पुट्टीचं काम धरून चाललाय. तुमचं जुनं इमल्शन घट्ट असेल, पोपडे नसतील, तर भेगा आणि खिळ्यांची भोकं भरायला एक गोणी पुरते, आणि प्रायमर फक्त पुट्टी लावलेल्या जागी. त्याला सरळ विचारा, "दादा, फुल पुट्टी धरलीय की टचअप?" या एका प्रश्नावर यादी निम्मी होऊ शकते.

आता खोलीवार मोजा, पट लावून थांबू नका. समजा हॉल १६ बाय साडेदहा आणि उंची साडेनऊ. चारी बाजू मिळून ५३ फूट, गुणिले साडेनऊ म्हणजे सुमारे ५०३. त्यातून मुख्य दार, बाल्कनीचं दार, खिडकी आणि पॅसेजची मोकळी जागा मिळून ११४ वजा केले की ३८९ उरतात. १२० ने भागलं की सव्वातीन लिटर. छत १६८ फूट, त्याला दीड लिटर पांढरा वेगळा. मजुरीच्या मापात बरेच ठेकेदार दारं-खिडक्या वजा करत नाहीत, कारण कडा कापायला वेळ जातो. ते मला रास्त वाटतं. पण मालाचं माप वेगळं काढा. मजुरीचाच आकडा दुकानात नेला की डबे उरतात.

सव्वातीन लिटरला ४ लिटरचा डबा पुरेल ना, असं वाटेल. पण मशीनवर शेड बनवायचे बेसचे, म्हणजे मूळ रंगाचे, डबे बहुधा ३.६ लिटरचे भरलेले असतात, स्टेनरला (छटा आणणाऱ्या रंगाला) जागा ठेवून. इथे ते पुरतात, पण ३.८ लागणार असतील तर अडकाल.

आणि एका खोलीचा शेडचा रंग एकाच वेळी घ्या. आमच्या आईच्या खोलीत शेवटच्या भिंतीला मला रंग कमी पडला. तोच शेड नंबर दुसऱ्यांदा बनवून आणला, आणि दुपारी उन्हाची तिरीप आली की ती भिंत वेगळी दिसायची. आई काही बोलली नाही, पण मला ते वर्षानुवर्षं खुपत राहिलं. तेव्हापासून दोन डबे असतील तर मोठ्या बादलीत एकत्र ढवळल्याशिवाय मी ब्रश लावू देत नाही. छताच्या पांढऱ्याचं उलट करा. तो थोडा थोडा आणा. सीलबंद पांढरा डबा दुकानदार बहुतेक वेळा परत घेतो, शेड बनवलेला घेत नाही.

बेडरूमची एक भिंत लाल करायचं म्हणताय, तिथे माझा हिशोब चालणार नाही. गडद शेडच्या बेसमध्ये झाकणारं पांढरं रंगद्रव्य फार कमी असतं, म्हणून लाल रंग तीन-चार हात मागतो. खाली राखाडी छटेचा प्रायमर दिलात तर एखादा हात वाचेल.

बाथरूमलगतच्या भिंतीला फुगे आलेत असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. मला सगळ्यात काळजी त्याचीच वाटते. तिथे ओल आहे. प्लंबरकडून गळती शोधून बंद करा, पोपडे खरवडा आणि भिंत पूर्ण वाळू द्या, दिवाळी उलटली तरी चालेल. त्या भिंतीचा रंग सध्या यादीत धरूच नका.