घरमालकाचा रिचार्जवाला मीटर आणि रात्री दोनला गेलेली लाईट

पुण्यातल्या वाकडच्या एका ताईंचा लांबलचक मेसेज आलाय, थोडक्यात सांगतो. नवरा नाईट शिफ्टला, घरात दहा महिन्यांचं बाळ, वन आरके भाड्याने. मजल्यावर अशा चार खोल्या, चारही एकाच मेन मीटरवर, आणि घरमालकाने प्रत्येक खोलीला प्रीपेड सब-मीटर बसवलाय, अ‍ॅपवरून रिचार्ज मारायचा. रेट १५ रुपये युनिट, वर दर महिन्याला १५० रुपये ‘मेंटेनन्स’ म्हणून बॅलन्समधून आपोआप कट, शिवाय राहायला येताना ३००० रुपये वेगळं ‘लाईट डिपॉझिट’. परवा रात्री दोनला बॅलन्स शून्य, पंखा बंद, बाळ रडतंय आणि अ‍ॅप नवऱ्याच्या फोनमध्ये. सकाळी मालकांना विचारलं तर म्हणे सरकारचाच नियम आहे, आता सगळीकडे प्रीपेडच होणार, परवडत नसेल तर खोली सोडा. ताई विचारतायत हे कायद्यात बसतं का, आणि ओळखीचा इलेक्ट्रिशियन मीटर बायपास करून देतो म्हणतोय तर करू का.

ताई, शेवटच्याचं उत्तर आधी देतो. अजिबात करू नका. मीटरशी छेडछाड म्हणजे विद्युत कायद्याच्या कलम १३५ खाली वीजचोरीची केस अंगावर घेणं, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आज तक्रार तुमची आहे, बायपास केला की उद्या ती मालकांची होईल, आणि इलेक्ट्रिशियन काही कोर्टात तुमच्या शेजारी उभा राहणार नाही.

आता मालकांचं ‘सरकारी नियम’ प्रकरण. महावितरणचा मीटर वेगळा आणि तुमच्या दारावरचा डबा वेगळा. महावितरणच्या स्मार्ट प्रीपेडवरून एवढा गदारोळ झाला की जून २०२४ मध्ये सरकारलाच जाहीर करावं लागलं की सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड लावणार नाही. आणि कंपनीकडून खरोखर प्रीपेड घेतला तर विद्युत कायदा २००३ चं कलम ४७ सांगतं की सुरक्षा ठेव मागता येत नाही, कारण पैसे आधीच घेतले ना, मग ठेव कशाची. तुमच्याकडून रिचार्जही आधी आणि ३००० डिपॉझिटही. ते कलम थेट घरमालकाला लागू होत नाही हे मान्य, पण बोलणी करताना हा मुद्दा बिनतोड आहे, जरूर काढा. तुमचा मीटर म्हणजे मालकांनी वसुलीसाठी लावलेलं खासगी यंत्र, त्याला ना कंपनीचं सील ना वीज नियामक आयोगाने ठरवलेला दर. महावितरणच्या मीटरबद्दल तक्रार असती तर २०२४ च्या नियमदुरुस्तीप्रमाणे पाच दिवसांत जोडीला चेक मीटर (पडताळणीसाठी दुसरा मीटर) लावून द्यावा लागला असता, इथे ते दार बंद आहे.

पण एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. १५ रुपयांतले सगळे काही मालकांच्या खिशात जात नाहीयेत. हिशोब करू. २०२४-२५ चे महावितरणचे घरगुती दर, वीज आकार आणि वहन आकार मिळून, पहिल्या १०० युनिटला ५.८८, पुढे ३०० पर्यंत ११.४६, ५०० पर्यंत १५.७२. (दर बदलत असतात, तुम्ही मालकांच्या ताज्या बिलावरचे घ्या.) समजा चारही खोल्या ९०-९० युनिट वापरतात, म्हणजे मेन मीटरवर ३६०. वीज झाली ३८२३ रुपयांची, त्यात सव्वाशेच्या आसपास स्थिर आकार, वर १६ टक्के वीज शुल्क, एकूण ४५८० च्या घरात, म्हणजे मालकांनाच युनिट पडलं पावणेतेराला. ते घेतायत १५. चार खोल्यांचे मिळून महिन्याला आठशे रुपये वर सुटले, आणि १५० प्रमाणे ‘मेंटेनन्स’चे सहाशे वेगळे. आता तेच ९० युनिट तुमच्या स्वतःच्या मीटरवर असते तर? सगळं धरून साडेसातशे-पावणेआठशे. आज तुमचे जातायत १५००.

म्हणजे खरी गोम स्लॅबमध्ये, वापर वाढला की दर चढतो त्या टप्प्यांमध्ये, आहे ताई. चार कुटुंबांचा वापर एका मीटरवर आला की प्रत्येकाच्या वाटची स्वस्त शंभर युनिटं गेली, आणि मालक उद्या देवमाणूस झाला, एक पैसा वर घेतला नाही, तरी तुम्हाला युनिट पावणेतेरालाच पडणार. म्हणून नुसतं ‘रेट कमी करा’ यावर सगळी ताकद घालवू नका.

त्याआधी घरबसल्या एक काम करा. खोलीतलं सगळं बंद, फ्रीजचा प्लगसुद्धा काढा, आणि मीटरवरचा लाल दिवा बघा. मिचकतोय? म्हणजे तुमच्या मीटरवर आणखी कुणीतरी बसलंय, जिन्याचा दिवा, पाण्याची मोटर, कधी शेजारच्या खोलीचा गिझर. मुद्दाम केलेलं असतं असं नाही, वायरिंग करणाऱ्याने जी वायर हाताला आली त्यात जोडून टाकलेलं असतं. दुसरी टेस्ट म्हणजे पाण्याचा १५०० वॅटचा रॉड बाकी सगळं बंद ठेवून चाळीस मिनिटं लावायचा, साधारण एक युनिट पडायला हवं. सव्वा पडलं तर मीटर पळतोय. सगळ्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढा, आधीचं आणि नंतरचं रीडिंग दिसेल असा. (बाळ दुसऱ्या खोलीत कुणाकडे तरी द्या आणि रॉड चालू असताना बादलीत बोट घालू नका, हे वकिलाने सांगायची गोष्ट नाही पण सांगतो.)

आता लाईट कापण्याचा मुद्दा. महावितरणला थकबाकीसाठी लाईट कापायची तरी विद्युत कायद्याच्या कलम ५६ खाली १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तुमच्याकडे मशीन रात्री दोनला कापतंय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम २९ म्हणतं की योग्य कारणाशिवाय घरमालकाने भाडेकरूची वीज, पाणी अशा अत्यावश्यक सोयी तोडायच्या नाहीत, तोडल्या तर कोर्टात जाऊन अंतरिम आदेशसुद्धा मागता येतो. फक्त दोन अडचणी आहेत. एक, तुमचा करार अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे जागा वापरायची नुसती परवानगी) आहे, आणि लायसन्सी म्हणजे या कलमातला भाडेकरू नाही असं समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणणार. दोन, बॅलन्स संपला हे योग्य कारणच आहे असंही म्हणणार. त्यामुळे कलम २९ हातात ठेवा, पण भिस्त त्याच्यावर नको.

भिस्त ठेवायची ती याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ वर. तुम्ही लिहिलंय की करार पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतलाय. तो रजिस्टर नाहीये! लिव्ह अँड लायसन्स असो नाहीतर भाडं, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नसेल तर त्यांना तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि त्याहून कामाची गोष्ट अशी की अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे ‘१५ रुपये रेट आणि १५० मेंटेनन्स ठरलाच नव्हता’ असं तुमचं म्हणणं असेल तर ते खोडायचं ओझं मालकांवर. अर्थात खरंच ठरला नसेल तरच म्हणा. पहिल्या दिवसाचं व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं एकदा नीट वाचा, बऱ्याचदा तिथे आपणच ‘ओके सर’ लिहून बसलेलो असतो.

विनापरवाना वीज विकणं विद्युत कायद्याच्या कलम १२ खाली चालत नाही हेही कुणीतरी तुम्हाला सांगेल. मुद्दा आहे, पण मालक म्हणतील मी विकत नाही, बिलाची वाटणी करतो, आणि मग युनिटमागचे वरचे सव्वादोन रुपये नफा का खर्च यावर वर्षं जातील. मी यावर केस उभी करणार नाही.

मग करायचं काय? स्वतःच्या नावाचं कनेक्शन. विद्युत कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे जागेच्या मालकाने किंवा तिथे राहणाऱ्याने अर्ज केला तर कंपनीला वीज द्यावीच लागते, टाळलं तर दिवसाला १००० रुपयांपर्यंत दंड आहे. काउंटरवर ‘मालकाची एनओसी आणा’ म्हणतील, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा दिलीप विरुद्ध सतीश हा निकाल सांगा. त्यात स्वच्छ म्हटलंय की वीज ही मूलभूत गरज, मालक एनओसी देत नाही म्हणून भाडेकरूला नाकारता येणार नाही, अर्जदार त्या जागेत राहतो का एवढंच बघायचं. अर्ज ऑनलाईन करा, नाकारला तर लेखी कारण मागा, आणि ते घेऊन महावितरणच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे, तिथून विद्युत लोकपालांकडे. पण तुमचा करार कच्चा आहे, त्यामुळे राहत असल्याचा पुरावा आत्तापासून जमवा, भाड्याच्या ऑनलाईन पावत्या, गॅसचं बुक, बाळाचं लसीकरण कार्ड, जिथे जिथे हा पत्ता आहे ते सगळं.

तरी एवढ्यावर न जाता आधी मालकांना एक साधा मेसेज टाका, वकिली भाषा नको. असा: ‘काका, मागच्या सहा महिन्यांची मेन मीटरची बिलं पाठवाल का, किंवा ग्राहक क्रमांक द्या, मी ऑनलाईन बघते. चौघांना वेगळे मीटर घेतले तर सगळ्यांचं बिल निम्म्यावर येतंय, अर्जाचा खर्च आम्ही करू, तुमची फक्त सही हवी. तोपर्यंत रात्री दहा ते सकाळी आठ बॅलन्स संपला तरी लाईट बंद होणार नाही एवढं सेटिंग करून द्या.’ या प्रकारच्या बऱ्याच मीटरमध्ये असं सेटिंग असतं. बाकी तीन खोल्यांनाही हाच मेसेज टाकायला लावा, एकट्या बाईला ‘खोली सोडा’ म्हणणं सोपं, चौघांना म्हटलं तर चार भाडी जातात.

आणि करारात किती महिने उरलेत ते बघून मग पाठवा. दोनच उरले असतील तर मालक रिन्यू करणार नाहीत आणि त्यासाठी त्यांना कारण द्यायची गरज नाही, तेव्हा ३००० डिपॉझिटची पावती आधी हाती घ्या. वकिलाची फी परवडत नसेल तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना तिथे वकील मोफत मिळतो, नवऱ्याचा पगार कितीही असला तरी.