बिलावर कर लावणाऱ्या आमच्या फंक्शनची (एक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याची) कॉम्प्लेक्सिटी, म्हणजे गुंतागुंतीचा आकडा, 38 आली आहे. टीम लीड म्हणतात की मर्यादा 10 ची हवी. ती 10 च्या आत आणली तर कोड खरंच वाचायला सोपा होतो का?

नुसता आकडा खाली आणला म्हणून होत नाही. पण आधी कुठे बघायचं हे 38 हा आकडा अचूक सांगतोय, म्हणून टीम लीडचं म्हणणं उडवून लावू नका. तुमचं फंक्शन बिलावर कर लावणारं आहे असं तुम्ही लिहिलंय. मी सोलापुरात चादर-टॉवेलच्या कारखान्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून उदाहरण तिथलंच घेतो.

तुमच्या टूलने दिलेला आकडा सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटीचा आहे. थॉमस मॅककेब यांनी 1976 मध्ये ही मोजणी मांडली. फंक्शनमधले निर्णय मोजायचे, म्हणजे प्रत्येक इफ (अट), प्रत्येक लूप (पुन्हा पुन्हा चालणारा भाग), स्विचमधली (अनेक पर्यायांतून एक निवडणाऱ्या रचनेतली) प्रत्येक केस, आणि त्यात 1 मिळवायचा. 10 ची मर्यादाही त्यांचीच सूचना. फंक्शनमधून किती स्वतंत्र वाटा निघतात हे त्यातून कळतं, म्हणजे टेस्ट किती लागतील याचा चांगला अंदाज येतो. वाचणाऱ्याचं डोकं किती शिणेल हे मात्र त्यातून कळत नाही.

तीन इफ एकात एक घातले तर आकडा 4. तेच तीन इफ एकाखाली एक लिहिले, प्रत्येकातून लगेच रिटर्न केलं (फंक्शनमधून बाहेर पडलं), तरी आकडा 4 च. वाचताना दोन्हींत किती फरक पडतो ते तुम्हीच बघा! सोनारक्यूब या कोड तपासणाऱ्या टूलमध्ये जी कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी असते ती हा फरक ओळखते. आत जाल तशी प्रत्येक पातळी जास्त भारी धरली जाते. एकात एक असलेल्या तीन इफचे 1, 2, 3 मिळून 6 होतात, सपाट लिहिलेल्यांचे फक्त 3. उलट बारा केसचा सरळ स्विच मॅककेबच्या हिशोबात 13 होतो आणि कॉग्निटिव्हमध्ये 1. वाचनीयता हाच प्रश्न असेल तर हा कॉग्निटिव्हचा आकडा लावून बघा, दोन्ही शेजारी ठेवा. मॅककेब मोठा आणि कॉग्निटिव्ह लहान असेल तर ते फंक्शन बहुधा लांब पण सरळ आहे. त्याला हात लावू नका.

आता बिलाकडे येऊ. आमच्याकडे गिऱ्हाईक पुण्याचं असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी), विजयपूर किंवा कलबुर्गीचं असेल तर आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीवरचा जीएसटी), आणि टॉवेल परदेशी जात असतील तर एलयूटीवर (निर्यातदाराच्या हमीपत्रावर) कर न लावता बिल. त्यात कराचा दर एका नगाच्या किमतीवर ठरतो. आधी 1000 रुपयांपर्यंत 5 टक्के आणि त्यावर 12 टक्के होता. 22 सप्टेंबर 2025 पासून मर्यादा 2500 झाली आणि वरचा दर 18 टक्के. जुन्या बिलावरची क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) जुन्याच दराने निघते, त्यामुळे जुना नियम पुसूनही टाकता येत नाही.

एवढी गुंतागुंत कायद्यातच आहे, ती कोणत्याही रिफॅक्टरिंगने (काम तेच ठेवून कोडची रचना सुधारण्याने) जाणार नाही. फ्रेड ब्रूक्स यांनी 1986 मध्ये मुळातली गुंतागुंत आणि आपण वरून आणलेली गुंतागुंत असा भेद केला होता. तो इथे फार कामाचा आहे. दर बदलला की जुन्या इफच्या पोटात तारखेचा आणखी एक इफ घालणं ही आपण आणलेली गुंतागुंत. दरांचा तक्ता करा: कोणत्या तारखेपासून, किती किमतीपर्यंत, किती टक्के. फंक्शन त्या तक्त्यातून फक्त ओळ शोधेल. पुढच्या बदलाला कोडची एकही फांदी वाढणार नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा याच एका बदलात आहे.

मग निर्यातीचं बिल सुरुवातीलाच वेगळं काढून रिटर्न करा. लांबलचक अटींना नाव द्या, उदाहरणार्थ 'राज्याबाहेरची विक्री आहे का'. एवढं झालं की नेस्टिंग (एकात एक अटी घालणं) आपोआप उतरतं. लिनक्स कर्नलच्या (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) कोडिंग स्टाइलमध्ये तर तीनपेक्षा जास्त पातळ्यांचं इंडेंटेशन (ओळी आत सरकवणं) लागत असेल तर प्रोग्रामच दुरुस्त करा असं लिहिलंय.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: 38 चं फंक्शन मधोमध कापून 'भाग एक', 'भाग दोन' असे पाच तुकडे करू नका. प्रत्येकाचा आकडा 10 च्या आत दिसेल, टूल हिरवं होईल, आणि वाचणारा पाच फ्लॅग (हो-नाही सांगणाऱ्या खुणा) हातात घेऊन पाच फाइलींत हिंडत बसेल. तुकड्याला खरं नाव सुचत नसेल तर तो तुकडा पाडू नये.

हे सगळं करण्याआधी जुनी खरी बिलं जमवा. निर्यातीची, कर्नाटकातली, बरोबर 1000 आणि 2500 च्या सीमेवरची, दर बदलल्याच्या आदल्या दिवसाची. जुनं फंक्शन त्यांवर जे उत्तर देतं ते जपून ठेवा आणि प्रत्येक लहान बदलानंतर नव्याचं उत्तर पैशापर्यंत जुळवा. यात फरक सापडला तर तो आधी अकाउंटंटला दाखवा, कारण कधी कधी जुनंच चुकीचं असतं आणि त्या चुकीवर जीएसटी रिटर्न भरून झालेलं असतं.

सगळ्या प्रोजेक्टचे आकडे एकदम उतरवायला निघू नका. गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलच्या) इतिहासात गेल्या वर्षभरात कोणत्या फाइली सारख्या बदलल्या ते काढा आणि ती यादी कॉम्प्लेक्सिटीच्या यादीशी ताडून पाहा. दोन्हींत वर असलेलं फंक्शन आधी घ्या. ज्याला कोणी वर्षानुवर्षं उघडलेलंच नाही ते 50 चं असलं तरी थांबू शकतं. टीम लीडला सांगा की मर्यादा फक्त नव्या आणि बदललेल्या कोडवर लावू या, आणि 10 वर अडून बसण्यापेक्षा कॉग्निटिव्ह 15 धरू या. सोनारक्यूबमध्ये बहुतेक प्रोग्रामिंग भाषांसाठी मुळात तीच मर्यादा ठेवलेली असते.