हौशी दर्यावर्दींचे प्रश्न: जहाजाचा चार्ट लहान नावेला चालेल का?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी साउदॅम्प्टनला राहतो. मित्राबरोबर सोलंटमध्ये, म्हणजे इथल्या सामुद्रधुनीत फिरायला शिडाची छोटी नाव घेतली आहे. तिचा कणा पाण्यात दीड मीटर जातो. दुकानात टेबलाएवढा मोठा चार्ट, म्हणजे समुद्राचा नकाशा मिळतो आणि सुट्या पानांचा लहान संचही. नावेवर प्लॉटर, म्हणजे पडद्यावर नकाशा दाखवणारं यंत्र आहेच. मग काय घेऊ?
– एक वाचक

उत्तर: सुट्या पानांचा संच घ्या. अशा संचाचं पान बहुधा ए-टू, म्हणजे साधारण 59 बाय 42 सेंटिमीटरचं असतं. वाऱ्यात मांडीवर धरता येतं. मोठा चार्ट जहाजाच्या ब्रिजवरच्या टेबलासाठी असतो, तो तुम्ही उलगडणार कुठे?

पण आकारापेक्षा मला उथळ पाण्याची काळजी जास्त वाटते. मोठं जहाज खोदलेल्या मार्गातून जातं. तुम्ही मात्र त्याला वाट देण्यासाठी कडेला, चार्टवरच्या निळ्या-हिरव्या रंगात, म्हणजे उथळ पाण्यातच असणार. म्हणून लहान नावेच्या चार्टवर शून्य ते पाच मीटरचा पट्टा ठसठशीत हवा, खोलीचे आकडे तिथे दाट हवेत. हिरव्या भागातले अधोरेखित आकडे नीट शिका. अगदी खालच्या सुकतीला तिथली जमीन पाण्यावर तेवढे मीटर उघडी पडते. आकडा 1.2 असेल आणि भरतीची उंची 3 मीटर, तर पाणी 1.8 मीटर. तुमच्या कण्याखाली उरले तीस सेंटिमीटर! एखादी लाट आली की संपलं. सोलंटच्या मधोमध ब्रॅम्बल बँक नावाचा वाळूचा दांडा आहे, तिथे 2008 मध्ये क्वीन एलिझाबेथ-टूसारखं जहाज रुतलं होतं.

दुसरी गोष्ट प्रवाहाची. उधाणाच्या दिवसांत सोलंटच्या पश्चिमेकडच्या हर्स्टच्या अरुंद तोंडाशी पाणी चार नॉट (तासाला सुमारे सात किलोमीटर) किंवा त्याहूनही जोरात धावतं. तुमची नाव शिडावर जेमतेम तेवढीच पळेल. पोर्ट्समथ बंदराच्या भरतीआधीच्या आणि नंतरच्या प्रत्येक तासाचे प्रवाहाचे बाण ज्या संचात असतील, तोच निवडा.

प्लॉटर जरूर वापरा, पण त्याच्या एका सवयीपासून सावध राहा. चित्र लहान केलं की तो तपशील गाळतो. 29 नोव्हेंबर 2014 रोजी व्होल्वो ओशन रेस या शिडाच्या नौकांच्या जगप्रदक्षिणा शर्यतीतली ‘टीम वेस्टास विंड’ ही नौका मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराहोसच्या प्रवाळावर रात्री आदळली. खलाशी मुरलेले होते, पण पडद्यावर दूरच्या दृश्यात त्या जागेचा धोका दिसत नव्हता. सगळे वाचले, हे नशीब. पुढच्या वर्षीच्या स्वतंत्र अहवालाने अशा नकाशांच्या त्रुटींवरही बोट ठेवलं. माझं ठाम मत आहे की हौशी माणसासाठी नकाशा आखणाऱ्याने काहीही गाळावं, पण खडक गाळू नये. तसे नकाशे मिळेपर्यंत तुम्ही ठरवलेली संपूर्ण वाट प्लॉटरवर चित्र मोठं करून, इंच इंच सरकवत तपासा आणि मगच दोर सोडा.

संच विकत घेताना छपाईची तारीख बघा. ब्रॅम्बलची वाळू सरकत असते. त्यानंतरच्या दुरुस्त्या नाविकांसाठीच्या साप्ताहिक सूचनांमध्ये मिळतात, त्या पेनाने पानावर उतरवा.