घरून काम करायचं, पण पगार अडीच हजारांनी कमी घ्यायचा?

प्रश्न: मी खानापूरहून रोज बेळगावला, सदाशिवनगरमधल्या ऑफिसला जाते. पगार २७,०००. आता कंपनी म्हणते, कायमचं घरून काम करा, पण पगार २४,५०० मिळेल. रिक्षाचे २,०००, बाहेरच्या खाण्याचे १,२००, साडेतीन वर्षांच्या मुलाच्या पाळणाघराचे ३,००० आणि कपडेलत्ते वगैरेचे ८०० असे ७,००० वाचतील. म्हणजे ४,५०० फायदाच. होकार देऊ का?

उत्तर: ताई, इतक्यात सही करू नका.

घरून काम केलं की प्रवासखर्च वाचतो, हे पुण्या-मुंबईचं गणित. तुमचा बसप्रवास कर्नाटक सरकारच्या, महिलांना सरकारी बस मोफत करणाऱ्या 'शक्ती' योजनेमुळे ११ जून २०२३ पासून फुकटच आहे. राहिली रिक्षा. ते २,००० मात्र खरे वाचतील. (बसस्थानकावरून सिटी बसही फुकट आहे, पण सकाळच्या घाईत रिक्षा का करावी लागते, ते समजू शकतो.) खाण्याचे निम्मे धरा, कारण चहा-नाश्ता घरीही होणारच. कपड्यांचे ४०० धरा.

खरा घोळ पाळणाघराचा आहे. साडेतीन वर्षांचं मूल घरात, आणि तुम्ही कानाला हेडफोन लावून क्लायंटशी बोलताय, हे फार दिवस चालत नाही. सासूबाई सांभाळणार असतील तर गोष्ट वेगळी, पण पत्रात तसं काही नाही. अर्धा दिवस पाळणाघर चालू ठेवावं लागेल, म्हणून १,५००च धरतो. शिवाय पगार २५,०००च्या खाली गेल्यामुळे व्यवसाय कराचे महिन्याचे २०० रुपये सुटतील. तुमच्या यादीत हे नव्हतं! सगळे मिळून ४,७००.

आता वाढणारा खर्च. चांगलं इंटरनेट ७०० रुपये. खानापूरचा पाऊस आणि पावसाळ्यात जाणारी वीज तुम्हाला मी काय सांगायची. इन्व्हर्टर-बॅटरीला वीसेक हजार लागतील, पाच वर्षांत वाटले तर महिना साडेतीनशेच्या आसपास. विजेचं बिल कर्नाटकाच्या मोफत विजेच्या 'गृहज्योती' योजनेमुळे सध्या शून्य येत असेल. तरी मागची बिलं काढून युनिट बघा. लॅपटॉप आणि पंखा दिवसभर चालला की महिन्याला सुमारे ३० युनिट वाढतात. तुमच्या ठरलेल्या मोफत युनिटांपेक्षा जास्त झालं तर वरचे पैसे भरायचे, पण २०० युनिट ओलांडले तर हेस्कॉम (तुमची वीज कंपनी) अख्खं बिल लावतं. आजच १७०-१७५ युनिट होत असतील तर तुम्ही काठावर आहात. कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा आधी घ्या. मी विजेचे २०० धरतो.

कपातीचे २,५०० धरून खर्चाची बाजू ३,७५० होते. म्हणजे हाती राहतात जेमतेम ९५०. कपात मूळ पगारातून झाली तर कंपनीचा पीएफचा वाटा दरमहा ३०० रुपयांनी घटू शकतो, ग्रॅच्युइटीही कमी धरली जाईल. मग उरले साडेसहाशे.

तेवढ्यासाठीही मी कदाचित हो म्हटलं असतं, रोजचे प्रवासाचे तास वाचतात म्हणून. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. दोन-अडीच वर्षांत मुलगा पहिलीत जाईल, तेव्हा पाळणाघराचा खर्च तसाही कमी होणार आहे. कपात मात्र कायमची. पुढची प्रत्येक वाढ २४,५००वर मिळणार. वर्षाला ८ टक्के वाढ धरली तर आजचा २,५००चा फरक दहा वर्षांनी महिन्याला ५,४००च्या घरात जातो. चार दिवसांची सोय आणि जन्माची कपात, असा हा सौदा आहे.

तेव्हा कंपनीशी बोला. तुमच्या खुर्चीचा, विजेचा, जागेचा खर्च त्यांचाही वाचतोय, हे सांगायला संकोचू नका. पहिली मागणी: आठवड्याला दोन दिवस ऑफिस, बाकी घरून, पगार तोच. ऐकत नसतील तर कपात प्रवासभत्त्यातून करा म्हणा, मूळ पगाराला हात नको, आणि इंटरनेटचे पैसे कंपनीने द्यावेत. तीन महिन्यांनी जुन्या पगारावर ऑफिसला परतता येईल, हे ई-मेलवर लिहून घ्या. यातलं काहीच मान्य नसेल तर सध्याचीच नोकरी चालू ठेवा, आणि इन्व्हर्टरसाठी काढणार होतात ते वीस हजार आवर्ती ठेवीत हप्त्याहप्त्याने टाकायला लागा.